‘आज पुरे’ म्हणणारा माणूस



२९ जून २०२४ ची रात्र डिंडोलीत फारशी कोणी झोपून काढली नसेल. बार्बाडोसला टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना होता. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात १६ धावा हव्या होत्या आणि चेंडू हार्दिक पंड्याच्या हातात होता. पहिल्याच चेंडूवर सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर तो झेल घेतला आणि भारत ७ धावांनी जिंकला. मध्यरात्र होत आली होती तरी गल्लीगल्लीत फटाके वाजले. रात्रपाळीला लूमवर असलेल्यांनी एक डोळा मोबाइलवर ठेवूनच पाळी काढली. दुसऱ्या दिवशी रविवार. मैदानावर आलेला प्रत्येक मुलगा हार्दिक झाला होता.

हार्दिकचा जन्म आपल्या सुरतचा, हे मुलांना पाठ आहे. पण त्या रात्री भारताच्या गोलंदाजांचे प्रशिक्षक कोण होते, असे आम्ही विचारले तेव्हा एकालाही सांगता आले नाही. खरे सांगायचे तर आमच्यातल्याही दोघांनाच ते ठाऊक होते. त्यांचे नाव पारस म्हांब्रे. मुंबईचे, आपल्या मराठी मातीतले. या लेखात त्यांच्याविषयी लिहायचे आहे, त्या निमित्ताने आमच्या हातून झालेली एक चूक कबूल करायची आहे, आणि शेवटी विश्वस्त मंडळींकडे एक मागणे मांडायचे आहे.

आम्ही म्हणजे या शाळेचे काही माजी विद्यार्थी. कोणी कापड मार्केटमध्ये नोकरीला, कोणी रिक्षा चालवणारा, कोणी स्वतःच्या दोन मशिनांचा मालक. संध्याकाळी आणि रविवारी आम्ही मैदानावर मुलांना क्रिकेट शिकवतो. निदान शिकवतो असे गेल्या वर्षापर्यंत समजत होतो.

म्हांब्रे यांचा जन्म १९७२ चा. मुंबईकडून रणजी खेळले, वेगवान गोलंदाज म्हणून नाव झाले आणि १९९६ च्या इंग्लंड दौऱ्यावर गेले. एजबॅस्टनला पहिली कसोटी खेळले. दुसरी लॉर्ड्सवर, ज्या सामन्यात सौरव गांगुली आणि राहुल द्रविड यांनी कसोटीत पदार्पण केले, तीच. त्यानंतर कसोटी संघाचे दार त्यांच्यासाठी पुन्हा उघडले नाही. हिशेब झाला : २ कसोटी सामने, २ बळी, ३ एकदिवसीय सामने. मुंबईसाठी मात्र ते पुढेही वर्षानुवर्षे खेळत राहिले आणि प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पावणेतीनशेहून अधिक बळी घेतले.

अशा खेळाडूविषयी आपण चहाच्या टपरीवर काय बोलतो, ते आठवून पाहावे. ‘दोनच मॅच खेळला, मग बाहेर.’ आपल्या लेखी त्याची गोष्ट तिथेच संपते. म्हांब्रे यांची गोष्ट मात्र तिथून पुढे सुरू झाली. खेळणे थांबल्यावर त्यांनी प्रशिक्षणाचे रीतसर शिक्षण घेतले आणि दुसऱ्यांच्या मुलांना घडवण्याचे काम पत्करले. बंगालचा संघ त्यांच्या हाताखाली २००५-०६ आणि २००६-०७ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजीच्या अंतिम सामन्यात पोचला. दोन्ही वेळा हरला. दुसऱ्या वेळी तर समोर मुंबईच होती. पुढे बडोदा झाले, विदर्भ झाले. मग १९ वर्षांखालील भारतीय संघात द्रविड मुख्य प्रशिक्षक आणि म्हांब्रे गोलंदाजीचे प्रशिक्षक अशी जोडी जमली. त्या संघाने फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यूझीलंडमध्ये विश्वचषक जिंकला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते वरिष्ठ संघाचे गोलंदाजी प्रशिक्षक झाले आणि जून २०२४ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यानंतर मुंबई इंडियन्सने त्यांना गोलंदाजी प्रशिक्षक म्हणून बोलावले.

बार्बाडोसच्या त्या रात्री भारताचे मुख्य प्रशिक्षक द्रविड होते, फलंदाजीचे विक्रम राठोड आणि गोलंदाजीचे म्हांब्रे. हे तिघेही जून १९९६ मध्ये लॉर्ड्सवर एकाच अकरांत होते. त्यांतल्या द्रविडला सारे जग ओळखते. बाकी दोघांची कसोटी खेळाडू म्हणून कारकीर्द काही महिन्यांतच आटोपली होती. अठ्ठावीस वर्षांनी ते तिघे पुन्हा एका बाजूला उभे होते. मुलांनो, पहिल्या वर्षी वर्गात शेवटच्या बाकावर बसावे लागले म्हणून शाळा सोडायची नसते, ती यासाठी.

आता गोलंदाजीचा प्रशिक्षक करतो तरी काय? आमची समजूत अशी होती की तो स्विंग शिकवतो, यॉर्कर शिकवतो, मनगट कसे ठेवायचे ते दाखवतो. हे सर्व तो करतोच. पण त्याचे मोठे काम वेगळे आहे, आणि ते आम्हाला फार उशिरा कळले. तो मोजतो. आज किती चेंडू टाकले, काल किती, गेल्या आठवड्यात किती. आणि मुलाचा उत्साह शिगेला पोचलेला असताना तो म्हणतो, ‘आज पुरे.’

आमच्या मैदानावर ‘आज पुरे’ म्हणणारे कोणी नव्हते. तीच आमची चूक.

गेल्या वर्षी नववीतला एक मुलगा आमच्याकडे येत होता. नाव लिहीत नाही. शाळेत सर्वांना माहीत आहे. वडील लूमवर, आई घरी साड्यांना खडे लावते, मूळ गाव खानदेशात. उंच, सडपातळ, आणि चेंडू असा टाकायचा की मोठी माणसेही सरकून उभी राहायची. साहजिकच नेटमध्ये प्रत्येकाला त्याच्यासमोर खेळायचे असे. तोही हौसेने टाकत राही, कारण आम्ही कौतुक करत होतो. थंडीत एक टेनिस बॉलची स्पर्धा होती. शनिवार-रविवार मिळून पाच सामने. तो पाचही खेळला, आपण चषक जिंकला. खांद्यावर बसवून त्याची मिरवणूक काढणाऱ्यांत आम्हीच पुढे होतो.

सोमवारी तो म्हणाला, ‘दादा, पाठ धरली.’ आम्ही तेल लावायला सांगितले. आठ दिवसांनी पुन्हा म्हणाला, तेव्हा आम्ही म्हटले, एवढ्यातेवढ्याने रडतोस काय, धाव, म्हणजे मोकळी होईल. तो धावला. तीन आठवड्यांनी त्याला दप्तर उचलता येईना, तेव्हा वडिलांनी पाळी बुडवून त्याला दवाखान्यात नेले. एमआरआय काढावा लागला. त्याचे पैसे कसे उभे राहिले ते त्या घरालाच माहीत. कमरेजवळच्या मणक्याच्या हाडाला केसाएवढी बारीक चीर होती. डॉक्टरांनी सहा महिने गोलंदाजी बंद केली आणि एकच प्रश्न विचारला : ‘हा रोज किती चेंडू टाकत होता?’

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. कोणी मोजलेच नव्हते.

घरी येऊन हिशेब मांडला. संध्याकाळच्या सरावात कमीत कमी शंभर चेंडू, म्हणजे सोळा षटकांहून जास्त. तेही आठवड्यातून सहा दिवस. वर स्पर्धेची दहा षटके. एका आठवड्यात साडेसहाशेच्या वर चेंडू. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाचा वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांसाठी कित्येक वर्षे असा नियम होता की १३ वर्षांपर्यंतच्या मुलाने एका दमात ५ आणि दिवसभरात १० षटकांहून जास्त टाकू नयेत. १४-१५ वर्षांच्या मुलाने एका दमात ६ आणि दिवसात १२. सराव असो की सामना, मध्ये विश्रांतीचे दिवसही हवेत. आमचा मुलगा पंधरा वर्षांचा होता. तो सरावातच रोज ती मर्यादा ओलांडत होता, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

हे होते कसे, तेही सांगितले पाहिजे. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्या पायावर येतो. त्याच क्षणी कंबर एका बाजूला वाकलेली असते आणि पिळलीही जात असते. हा सारा मार कमरेच्या खालच्या दोन-तीन मणक्यांवर बसतो. मोठ्या माणसाचे हाड तो सोसते. पंधरा-सोळाव्या वर्षी हाड अजून पक्के व्हायचे असते. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. शंभरदा वाकवली की तुटते, तसे हे आहे. फरक इतकाच की हाडाला विश्रांती दिली तर ते आपले आपण सांधते. तारेला ती सोय नाही.

आणि हे केवळ आपल्यासारख्या गरीब मैदानांवर घडते असे नाही. २०१८ च्या त्याच विजयी १९ वर्षांखालील संघातले कमलेश नागरकोटी आणि शिवम मावी हे दोन्ही वेगवान गोलंदाज पुढे पाठीच्या दुखण्याने दीर्घकाळ मैदानाबाहेर राहिले. हार्दिक पंड्याच्या पाठीवर ऑक्टोबर २०१९ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. जसप्रीत बुमराहला २०२२ चा टी-ट्वेंटी विश्वचषक पाठीमुळे हुकला, मार्च २०२३ मध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि तो जवळजवळ वर्षभर खेळला नाही. तोच बुमराह २०२४ च्या विश्वचषकात १५ बळी घेऊन स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणजे थांबणे म्हणजे संपणे नव्हे. डॉक्टर, फिजिओ, ट्रेनर असा फौजफाटा पाठीशी असूनही ज्यांची हाडे दुखावतात, त्यांच्यापुढे आपल्या मुलांच्या पाठीशी काय आहे? तेलाची बाटली आणि आमचे अज्ञान.

जगात दुसरीकडे काय चालते तेही पाहू. अमेरिकेत क्रिकेटऐवजी बेसबॉल आहे. तिथे चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात, आणि कॉलेजांच्या संघांतही पिचरसाठी वेगळा शिक्षक नेमलेला असतो. ही तिकडे एक आख्खी नोकरी आहे, आयुष्यभराचा व्यवसाय आहे. आपल्या देशातल्या दोघांना त्याचा लाभ झाला होता. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग (आयपीएलमधला रिंकू नव्हे) आणि दिनेश पटेल हे लखनौच्या क्रीडा महाविद्यालयात भाला फेकणारे विद्यार्थी. वेगाने चेंडू फेकण्याच्या एका स्पर्धेतून २००८ मध्ये त्यांची निवड झाली आणि त्यांना अमेरिकेत नेले. बेसबॉल त्यांनी कधी खेळलेलाच नव्हता. तिथे त्यांना टॉम हाऊस या शिक्षकांच्या हवाली केले. हाऊस स्वतः पिचर होते आणि पुढे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात पिचरांना शिकवत होते. काही महिन्यांत त्यांनी या दोन मुलांना इतके तयार केले की त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या मोठ्या क्लबने दोघांशी करार केला. बळकट हात त्या मुलांकडे आधीपासूनच होता. तो कसा वापरायचा आणि कसा जपायचा, हे सांगणारा माणूस तेवढा नव्हता.

त्याच अमेरिकेत मुलांच्या ‘लिटल लीग’ने २००७ पासून चेंडू मोजण्याचा नियम केला. पिचरचा कोपर निकामी होतो, आणि कोपराची शस्त्रक्रिया शाळकरी मुलांवरही करावी लागते, हे लक्षात आल्यावर तिथे हे पाऊल उचलले गेले. ११-१२ वर्षांच्या मुलाने एका दिवसात ८५ हून जास्त चेंडू फेकायचे नाहीत, आणि तेवढे फेकल्यावर चार दिवस फेकायचेच नाहीत. सामना रंगात आला आहे, आई-वडील ओरडताहेत, तरी आकडा भरला की मुलगा बाहेर. शिस्त म्हणतात ती हीच.

आता हार्दिककडे परत येऊ, कारण त्याच्या गोष्टीत आपल्यासाठी एक खोच आहे. त्याच्या वडिलांचा सुरतमध्ये छोटा व्यवसाय होता. दोन्ही मुलांना क्रिकेटचे चांगले प्रशिक्षण मिळावे म्हणून त्यांनी तो बंद केला आणि बिऱ्हाड बडोद्याला हलवले. हार्दिक तेव्हा पाच वर्षांचा होता. बडोद्यात भारताचे माजी यष्टिरक्षक किरण मोरे यांची अकादमी होती. मोरे यांनी पहिली तीन वर्षे या मुलांकडून फी घेतली नाही. अठराव्या वर्षापर्यंत हार्दिक लेगस्पिन टाकत असे. बडोद्याचे तेव्हाचे प्रशिक्षक सनथ कुमार यांनी आग्रह धरला म्हणून तो वेगवान गोलंदाज झाला. बार्बाडोसला शेवटचे षटक टाकणारा हात असा दोन-तीन शिक्षकांनी मिळून घडवला होता. पण त्या शिक्षकांपर्यंत पोचण्यासाठी एका बापाला सुरत सोडावी लागली.

आपल्यापैकी किती पालकांना हे जमेल? आपले आजोबा खानदेशातून इथे पोट भरायला आले तेव्हा एकदा घर हलले आहे. पुन्हा हलवायची ताकद सर्वांत नसते. मूल शिक्षकाकडे जाऊ शकत नसेल, तर शिक्षक मुलापर्यंत आणला पाहिजे. शाळा याचसाठी असते. गणिताचे सर डिंडोलीत येतात म्हणून आपल्या मुलांना गणितासाठी गाव सोडावे लागत नाही. मग मैदानाचा सर का येऊ नये?

काही पालक म्हणतील, आम्हाला मुलाला हार्दिक करायचा नाही, दहावीचा निकाल महत्त्वाचा. हे म्हणणे रास्त आहे. शंभरातल्या नव्याण्णव मुलांना क्रिकेटमधून भाकरी मिळणार नाही, हे आम्ही स्वतःवरूनच जाणतो. पण अभ्यास आणि खेळ यांचे हाडवैर आहे, हे काही पटत नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्यांचे मुख्य प्रशिक्षक अमोल मुझुमदार. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ११ हजारांवर धावा करूनही या माणसाला भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही. गोलंदाजीचे प्रशिक्षक आविष्कार साळवी. भारताकडून २००३ मध्ये ४ एकदिवसीय सामने खेळलेले, आणि खगोलभौतिकीत डॉक्टरेट मिळवलेले. ताऱ्यांचा अभ्यास आणि चेंडूचा टप्पा एकाच डोक्यात मावू शकतात. आणि हा विश्वचषक मुलींनी आणला, हेही लक्षात असू द्यावे. आपल्या शाळेतल्या मुली मैदानाच्या कडेला बसून किती दिवस टाळ्या वाजवणार?

आणखी एक गोष्ट. जो मुलगा खेळाडू होणार नाही, तो प्रशिक्षक होऊ शकतो, फिजिओ होऊ शकतो, क्रीडाशिक्षक होऊ शकतो. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून प्रशिक्षक तयार करते आहे. हा मानाचा आणि मेहनतीचा व्यवसाय आहे. ‘खेळून काही झाले नाही म्हणून शिकवतो’ असे त्याच्याकडे पाहणे आता सोडावे. म्हांब्रे यांनी कसोटीत दोन बळी घेतले. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांनी किती घेतले, ते मोजायला बसले तर वही पुरणार नाही.

तर आमचे मागणे असे.

पहिले, दहावीच्या जादा तासांसाठी खेळाचा तास काढून घेण्याचा विचार सुरू आहे असे आम्ही ऐकतो. तो कृपया सोडून द्यावा. खेळाचा तास गेला तर मुले खेळायची थांबणार नाहीत. ती रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली खेळतील, आणि तिथे मोजणारे कोणीच नसेल.

दुसरे, आठवड्यातून दोन दिवस का होईना, शिक्षण घेतलेला एक प्रशिक्षक मानधनावर नेमावा. तो मुलांना शिकवील आणि आम्हालाही शिकवील. त्याच्या मानधनाची निम्मी रक्कम आम्ही माजी विद्यार्थी वर्गणी काढून दर महिन्याला देऊ. आमच्यातल्या एकाची पतियाळाच्या सहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला जाण्याची तयारी आहे. त्यासाठी शाळेचे शिफारसपत्र मिळावे.

तिसरे मागणे पालकांकडे आहे. मुलगा किंवा मुलगी ‘पाठ दुखते’, ‘खांदा दुखतो’ म्हणाली, तर ते ऐकावे. आम्ही ऐकले नाही.

चौथी गोष्ट आम्ही सुरू केलेलीच आहे. तिला पैसा लागत नाही. मैदानावर आता एक दोनशे पानी वही असते. त्यात गोलंदाजी करणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव, वय आणि त्या दिवशी टाकलेल्या चेंडूंचा आकडा लिहिला जातो. लिहिणारा मुलगा तोच आहे, ज्याची पाठ आमच्यामुळे दुखावली. तो आता दहावीत आहे. हाड सांधले आहे. डॉक्टरांनी हळूहळू सुरू करायला सांगितले आहे. सध्या तो आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला अठरा चेंडू टाकतो, आणि उरलेला वेळ वही घेऊन पंचाच्या जागी उभा राहतो.

परवा सातवीतला एक मुलगा भलताच रंगात आला होता. दोन त्रिफळे उडवले होते आणि तिसऱ्यासाठी धाव घ्यायला मागे निघाला होता. आमच्यातलाच एक जण ओरडला, ‘टाक अजून एक ओव्हर!’ सवय जात नाही. तेव्हा वही मिटून तो म्हणाला, ‘नाही दादा. ह्याचे छत्तीस झाले. आज पुरे.’

हे वाक्य आम्हाला एका मुलाच्या मणक्याच्या मोलाने शिकायला मिळाले. पुढच्या मुलांना ते शिक्षकाकडून मिळावे, एवढीच विश्वस्त मंडळींना विनंती.